एमजी टीडी गरम झाली की बंद, थंड झाली की चालू: दोष कसा पकडला

तक्रार आधी नीट मांडतो, म्हणजे ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांना लगेच ओळख पटेल. सकाळी चोक ओढला, डॅशवरची सेल्फची घुंडी खेचली की गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. गावात तासभर फिरवली तरी कुरकूर नाही. घाट लागला की मात्र अर्ध्यावर आचके देऊ लागते. कधी घाट व्यवस्थित चढते, पण माथ्यावर चहाला थांबून दहा मिनिटांनी परत निघावं, तर सेल्फ नुसता फिरत राहतो. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी केली की कोणी हात न लावता सुरू होते आणि घरापर्यंत शहाण्या पोरासारखी येते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे न्यावी तर दोष सापडत नाही, कारण तिथे पोचेपर्यंत ती तेवढी तापलेलीच नसते.

माझी गाडी १९५१ ची एमजी टीडी, एक विलायती स्पोर्ट्स कार. १२५० सीसीचं चार सिलिंडरचं एक्सपीएजी इंजिन, ५४ अश्वशक्ती, एसयू या ब्रिटिश कंपनीचे दोन कार्बोरेटर (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे), मागे उभी सपाट टाकी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ ते १९५३ या काळात अशा तीस हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, मोजक्या आपल्याकडे आल्या. पुण्यात ही चालवताना तीन उन्हाळे मी याच एका त्रासाशी झगडलो. लिहितोय ते टीडीबद्दल, पण एसयू कार्बोरेटर आणि एसयूचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप असलेल्या त्या काळच्या कुठल्याही ब्रिटिश गाडीला यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी, बदलली. कंडेन्सर बदलला. प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या. दोन्ही कार्बोरेटर उतरवून साफ करून घेतले. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस गाडी छान चालली, कारण त्या दिवसांत घाटात गेलोच नाही. मग एखाद्या रविवारी सगळे मित्र पुढे निघून गेले आणि मी बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला. एवढे सुटे भाग बदलूनही दोष तिथेच राहिला, कारण एकदाही मी तो दोष असताना तपासला नव्हता. तपासणी दर वेळी थंड गाडीवर, घरी, दुसऱ्या दिवशी.

बंद पडली की पहिली दोन मिनिटं

गरम गाडीचा दोष गरम असतानाच पकडावा लागतो. गाडी बंद पडली की पुढची दोन-तीन मिनिटं सोन्याची. त्या वेळात एकच गोष्ट ठरवायची: पेट्रोल येत नाहीये की करंट. दोन्ही एकदम बंद होणं फार क्वचित. त्यासाठी माझ्या सीटमागे आता एक पिशवी कायम असते: एक जुना पण चांगला प्लग, स्क्रू ड्रायव्हर, दोन पाने, सुती फडकं, पाण्याची बाटली, मल्टिमीटर. आग विझवायचं छोटं सिलिंडर वेगळं, हाताशी. पेट्रोल आणि ठिणगी या दोन्हींशी खेळायचं असेल तर ते सिलिंडर पिशवीच्या तळाशी असून चालत नाही.

आधी पंपाचा आवाज ऐका. टीडीत एसयूचा पंप इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर, फायरवॉलवर बसवलेला असतो. किल्ली फिरवा, सेल्फ मारू नका, शेजारच्याला बोलणं थांबवायला सांगा, आणि कान द्या. हा पंप आपल्याशी अक्षरशः बोलतो, फक्त त्याची भाषा ठाऊक असायला हवी.

पंपाच्या आत एक पडदा असतो. करंट गेला की चुंबक तो पडदा ओढून घेतो आणि टाकीकडून पेट्रोल आत येतं. पडदा शेवटापर्यंत आला की आतले पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकं) उघडतात, करंट तुटतो, आणि एक स्प्रिंग पडद्याला परत ढकलून पेट्रोल कार्बोरेटरकडे पाठवते. ‘टक’ आवाज येतो तो या उघडझापीचा. कार्बोरेटरचे फ्लोट चेंबर (पेट्रोलच्या छोट्या वाट्या) भरले, त्यांतल्या सुईने वाट बंद केली की स्प्रिंगला पेट्रोल पुढे ढकलता येत नाही, म्हणून पंप आपोआप गप्प होतो. एवढं समजलं की बाकीचं कानानेच कळतं.

किल्ली फिरवल्यावर चार-सहा वेळा टकटक, मग सावकाश होत थांबला, तर फ्लोट भरले आहेत. पेट्रोल आलंय, आता करंटकडे वळा. टकटक भराभर, हलकी, पोकळ, आणि थांबायचं नावच नाही, तर पंप पेट्रोलऐवजी हवा किंवा वाफ ओढतोय. टाकी रिकामी असेल तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी टाकीत काठी घालून बघा. टीडीच्या डॅशवर पेट्रोलचा काटा नाही, पेट्रोल कमी झाल्यावर लागणारा हिरवा दिवा आहे, आणि सत्तर वर्षांच्या त्या दिव्यावर मी विसंबत नाही. आवाज जड आणि रेंगाळलेला, दोन टकटकींमध्ये बराच वेळ, तर पंप ओढतोय पण मागून कोणीतरी धरून ठेवलंय: पंपाच्या तळाची पितळी जाळी कचऱ्याने भरलेली असेल, नाहीतर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल. झाकण उघडल्यावर ‘हुश्श’ करून हवा आत गेली तर दोष तिथेच सापडला, तारेने भोक मोकळं करा. आणि पंप पहिल्यापासूनच मुका असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हळूच टिचकी मारा. टिचकीने जागा झाला तर त्याचे पॉइंट जळलेत. घरी जाऊन साफ करा किंवा नवे घाला.

आता करंट. डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगीचा करंट प्लगांना वाटणाऱ्या भागाच्या) टोपीतली मधली जाड वायर काढून जादाच्या प्लगला लावायची, प्लगचं अंग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवायचं आणि दुसऱ्याला सेल्फ खेचायला सांगायचं. ठिणगी निळी, जाड, चटचट आवाज करणारी असेल तर करंट ठीक. पिवळट, बारीक, चुकत-माकत येणारी असेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट. ही चाचणी पेट्रोलचा वास येत असताना कधीही करू नका. कार्बोरेटर ओला दिसत असेल तर आधी बॉनेट उघडं ठेवून वास जाऊ द्या. दोन मिनिटं वाया गेली तरी चालतील.

पसरणीच्या घाटात

माझी गाठ सुटली ती वाईहून पाचगणीला चढताना. एप्रिलचा शेवट, दुपारी बाराची वेळ, पुढे उसाचा रिकामा ट्रक, त्यामागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडत आम्ही. शेवटच्या वळणांआधी गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. शेजारी चहाची टपरी होती. तिथे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका बसले होते. मी सवयीने डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडायला लागलो.

ते जवळ येऊन म्हणाले, “दादा, टोपी राहू दे. किल्ली फिरव आधी.”

मी फिरवली. पंप वेड्यासारखा टकटकत होता, टाइपरायटर चालल्यासारखा.

“ऐकलंस? रिकामा टकटकतोय. पेट्रोल नाही, वाफ ओढतोय तो.”

त्यांनी माझ्याकडचं फडकं बाटलीतल्या पाण्याने भिजवलं, पिळलं नाही, आणि पंपावर आणि त्याला येणाऱ्या तांब्याच्या नळीवर गुंडाळलं. हात लावून बघितलं तर ती नळी चहाच्या पेल्याइतकी चटका देत होती. फडक्यातून वाफ आली. त्यावर परत पाणी ओतलं. दीड-दोन मिनिटांत टकटकीची गती उतरली, आवाज भरदार झाला, आणि मग पंप थांबला. सेल्फ खेचला, गाडी चालू. अँबॅसडर आणि पद्मिनीच्या टॅक्सीवाल्यांनी उन्हाळ्यात पंपावर ओलं गोणपाट बांधलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. तोच रोग, तोच उतारा. तीन उन्हाळ्यांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, याचं एकच कारण: ‘विलायती स्पोर्ट्स कार’ म्हटल्यावर मी काहीतरी अवघड शोधत होतो.

वाफ का होते

याला वेपर लॉक म्हणतात. पण नाव कळून उपयोग नाही, टीडीतच तो एवढा का, हे कळलं तर उपाय नेमका करता येतो.

टाकी गाडीच्या अगदी मागे आणि पंप पुढे इंजिनाच्या उबेत. म्हणजे पंपाला सबंध गाडीच्या लांबीइतक्या नळीतून पेट्रोल ओढून घ्यावं लागतं. कुठलाही द्रव ओढला की नळीत त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की तो कमी तापमानाला उकळतो. डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो ना, पाणी लवकर उकळतं म्हणून, तसंच. त्यात पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर, तिथे हवेचाच दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा चौदा टक्क्यांच्या आसपास कमी. वर ऊन चाळिशीचं, पुढे ट्रक असल्यामुळे वारा नाही, खालून एक्झॉस्टची धग. पंप जितकी वाफ ओढेल तितका रिकामा फिरेल, आणि वाफेला पुढे ढकलणं त्याला जमत नाही. टाकी पूर्ण भरलेली असताना हाच त्रास कमी होतो, कारण पेट्रोलची पातळी वर असते आणि ओढ कमी लागते. माझ्या जुन्या डायरीत पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की जवळजवळ प्रत्येक वेळी गाडी टाकी अर्ध्याखाली असताना बसली होती.

ही रचना गैरसोयीची आहे हे बनवणाऱ्यांनाही पुढे कळलं असावं. टीडीनंतर आलेल्या टीएफमध्ये पंप मागे, टाकीजवळ नेला आहे.

दुसरं कारण आपल्या पंपावर मिळणारं पेट्रोल. ही गाडी बनली तेव्हा ब्रिटनमध्ये युद्धानंतरचं ‘पूल’ पेट्रोल मिळायचं, सत्तरीतल्या ऑक्टेनचं, हलक्या प्रतीचं. तेव्हा आजच्या पेट्रोलच्या ऑक्टेनची तिला काही अडचण नाही. अडचण इथेनॉलची आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आपल्याकडे काही पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर झालं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत राहणाऱ्यांना इथेनॉलचं महत्त्व मी सांगायला नको; मळी, उसाचा रस आणि धान्य यांना त्यातून भाव मिळतो, आणि माझा त्याला विरोध नाही. पण जुन्या गाडीला ते चार बाजूंनी लागतं. निव्वळ इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, आणि पेट्रोलमध्ये मिसळल्यावर त्या तापमानाच्या खालीच मिश्रणाचा मोठा हिस्सा वाफ होऊ लागतो. आमच्या तापलेल्या नळीला नेमकं तेवढंच हवं असतं. दुसरं, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून साध्या पेट्रोलवर बसवलेला कार्बोरेटर त्यावर सात-आठ टक्के ‘लीन’, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असा चालतो, आणि लीन इंजिन एक्झॉस्ट आणखी तापवतं. तिसरं, जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात, तडकतात. चौथं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात चार महिने टाकीत तसंच राहिलं की तळाशी पाणी आणि गंज.

काय केलं, कोणत्या क्रमाने

पहिलं काम फुकटचं होतं. टाकीपासून पंपापर्यंत नळी कुठून जाते ते गाडीखाली झोपून पाहिलं. आधीच्या कोणा मालकाने नळी बदलताना ती एक्झॉस्टच्या पाइपापासून जेमतेम दोन बोटांवर नेली होती. ती चॅसिसच्या दुसऱ्या अंगाला सरकवली, क्लिपा रबर लावून बसवल्या आणि इंजिनाजवळच्या हातभर भागावर उष्णता रोखणारी चंदेरी बाही घातली. एवढ्यानेच निम्मा त्रास गेला असं मी म्हणेन. तुम्हीही नवे भाग मागवायच्या आधी गाडीखाली जा. त्याच वेळी सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. विकत घेताना नळीवर छापलेला ‘आर ९’ दर्जा पाहून घ्या. बाहेरून चमकणारी पण आत साधं रबर असलेली नळी बाजारात भरपूर मिळते.

दुसरं काम कार्बोरेटरखालचं. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारी नळी) एकाच बाजूला, एकावर एक असतात. गाडी चालू असताना पंखा आणि वारा आहे. बंद केली की दोन्ही थांबतात आणि खालची सगळी धग वर फ्लोट चेंबरांत शिरते. माथ्यावर चहाला थांबून परत सुरू न होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि ते घाटात चढताना बसण्यापेक्षा वेगळं आहे. दोन्हींची गल्लत मी फार दिवस केली. चढताना बसली तर नळीतली वाफ, थांबून सुरू झाली नाही तर फ्लोटमधलं उकळणं. दुसऱ्या प्रकारात पेट्रोलचा दर्प येतो, कारण उकळलेलं पेट्रोल जेटमधून (पेट्रोलच्या बारीक तोंडातून) इनलेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या नळीत, सांडतं आणि इंजिन तुंबतं. त्यावर उपाय म्हणून दोन्ही कार्बोरेटरांखाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं शील्ड करून घेतलं, त्याच्या एक्झॉस्टकडच्या अंगाला उष्णतारोधक कापड रिव्हेटने बसवलं, आणि कार्बोरेटर व मॅनिफोल्डच्या मध्ये कागदी गॅस्केटऐवजी उष्णता न वाहणारा जाड स्पेसर घातला. स्पेसरमुळे कार्बोरेटर तेवढे बाहेर येतात. आधी बोल्टची लांबी आणि ॲक्सिलरेटरची दांडी जुळते का पाहा, मग स्पेसर घ्या.

तुंबलेलं इंजिन सुरू करायची रीत इथेच सांगून टाकतो. चोकला हात लावायचा नाही. ॲक्सिलरेटर सावकाश पूर्ण दाबायचा, तसाच धरायचा, आणि सेल्फ आठ-दहा सेकंद चालवायचा. काळा धूर टाकत सुरू होते. पेडल वरखाली मारत बसण्यात काही अर्थ नाही, एसयूला ॲक्सिलरेटर पंपच नसतो. नव्या कार्बोरेटरच्या गाडीची ती सवय.

तिसरं काम मागे जादाचा पंप. फायरवॉलवरचा मूळ पंप मी हलवला नाही, त्याचं दिसणं मला हवं आहे. पण टाकीच्या खाली, चॅसिसच्या आत एक छोटा मदतनीस पंप बसवला. तो पेट्रोल ढकलतो, त्यामुळे सगळ्या नळीत दाब राहतो आणि वाफ धरत नाही. तीन गोष्टी सांभाळा. पहिलं, टीडीचा मूळ पंप कमी दाबाचा, सुमारे दीड पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच). मागे जास्त दाबाचा पंप लावलात तर फ्लोटची सुई तग धरत नाही आणि पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडतं, म्हणून कमी दाबाचाच पंप घ्या, नाहीतर रेग्युलेटर लावा. दुसरं, टीडीचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे. बॅटरीची अधिक टोकाची वायर चॅसिसला जाते. आजचे इलेक्ट्रॉनिक पंप बहुतेक निगेटिव्ह अर्थचे असतात आणि उलटे जोडले की तत्क्षणी जळतात. दुकानदाराला हे आधी विचारा. तिसरं, या पंपाच्या वायरीत वेगळा फ्यूज आणि धक्का बसल्यावर करंट तोडणारा स्विच हवाच. गाडी कुठे आदळली आणि मागचा पंप पेट्रोल ओतत राहिला तर काय होईल याचा विचार करून तो बसवा.

मग मिश्रण. एसयूच्या जेटखाली सहा पैलूंची नट असते. ती खाली फिरवली की पेट्रोल वाढतं. इंजिन पूर्ण गरम करून, हवेचा फिल्टर काढून, एका कार्बोरेटरचा पिस्टन बारीक स्क्रू ड्रायव्हरने नखाच्या जाडीइतका, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर उचला. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. लगेच पडू लागला तर कमी. किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. माझ्या गाडीत दोन्ही कार्बोरेटरांवर वेग पडत होता, म्हणजे लीन. दोन्ही नटा दोन-दोन पैलू खाली केल्यावर जुळलं. आठवडाभराने प्लग काढून पाहिले: आधी खडूसारखे पांढरे होते, आता भाजक्या बिस्किटाच्या रंगाचे. हे करताना जेटभोवतीच्या बुचाच्या चकत्या पाहायला विसरू नका. या जुन्या एसयूत त्या खऱ्या बुचाच्या असतात. गाडी उभी राहिली की वाळतात आणि जेटखालून थेंब गळू लागतो. नव्या चकत्या बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजवून ठेवाव्या लागतात.

आणि तरीही एकदा बसली

एवढं करूनही पुढच्या मे महिन्यात ती एकदा थांबली. या वेळी मी टोपीला हात न लावता किल्ली फिरवली. पंप चार वेळा वाजून गप्प. म्हणजे पेट्रोल आहे. प्लग लावून पाहिला तर ठिणगी पिवळी, मधूनच गायब. दुसराच रोग, पण लक्षण तेच.

मल्टिमीटरने कॉइल मोजली. दोन छोट्या टोकांमध्ये तीन ओहमच्या आसपास रोध दाखवायला हवा, माझी दीड दाखवत होती. ही कॉइल बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी ठेवणारा वेगळा रोध) असलेल्या पुढच्या काळातल्या गाड्यांची होती. टीडीत तो रेझिस्टर नाही, म्हणून बारा व्होल्टवर ती दुप्पट करंट ओढत होती, स्वतः तापत होती आणि पॉइंटही जाळत होती. दुकानात ‘बारा व्होल्टची कॉइल’ मागितली आणि मिळाली ती मी घरी आणली होती. न मोजता लावली, चूक माझीच. शिवाय तिची टोकं उलटी जोडलेली. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आजच्या कॉइलचं अधिक टोक डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवं. उलटं जोडलं तरी गाडी चालते, म्हणूनच कळत नाही, पण प्लगला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि गरम इंजिनात, जोर लावताना, नेमकी तिथेच ती कमी पडते.

कंडेन्सरही नवाच होता, तरी तो बदलला. नव्या कंडेन्सरवर आंधळा विश्वास ठेवू नका. हल्ली मिळणारे कित्येक तापल्यावर दम सोडतात. जुन्या गाडीतून काढलेला चालू कंडेन्सर हाती लागला तर जपून ठेवा. पॉइंटच्या टोकांवर निळसर-काळे खड्डे दिसले तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्या. रोटर आणि टोपी आतून पाहा, बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतोय.

टायमिंगही तपासा. ते मागे असलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असली, तर एक्झॉस्ट तापतो आणि वरचे सगळे रोग बळावतात. रेडिएटर गाळाने भरला असेल तर तो आधी साफ करा. यावर जास्त लिहीत नाही, ते काम कुठलाही बरा रेडिएटरवाला करतो.

पान्यांबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे चांगल्या मिस्त्रीचीही फसगत होते. एक्सपीएजी इंजिनाचे बोल्ट इतर ब्रिटिश गाड्यांसारखे नाहीत. त्यांची चुडी (आटे) मेट्रिक आहे आणि डोकं व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचं. हे इंजिन बनवणारा मॉरिस कंपनीचा कारखाना पूर्वी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता, तिथून ही सरमिसळ आली. मिस्त्री डोकं पाहून व्हिटवर्थचा बोल्ट घालायला जातो, तो दोन आटे जातो, अडतो, आणि मग जोर लावला की ब्लॉकचे आटे जातात. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरत नसेल तर तिथेच थांबा. व्हिटवर्थचे पाने मला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाले, रविवारी सकाळी, गंजलेल्या हत्यारांच्या ढिगात. रॉकेलात दोन दिवस भिजवून घासल्यावर अजून वीस वर्षं टिकतील असे निघाले.

गेल्या मे महिन्यात मुद्दाम त्याच घाटात, त्याच वेळी, टाकी अर्धी ठेवून गेलो. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर सावकाश चालू ठेवलं, मग बंद केलं आणि बॉनेटची कार्बोरेटरकडची बाजू उघडून ठेवली. दहा मिनिटं घड्याळ लावून थांबलो. किल्ली फिरवली. पंप पाच वेळा टकटकला आणि थांबला. सेल्फची घुंडी खेचली, पहिल्या फेऱ्याला चालू. टपरीवर काका नव्हते. चहावाल्याकडे निरोप ठेवून आलोय.